आधी ऐक, मग पाना धर

मंडळी, नमस्कार. शाळेतून निवृत्त होणारे आमचे कार्यशाळेचे सर पुढच्या रांगेत बसलेत. त्यांना स्वतःच्या कौतुकाच्या कार्यक्रमाला आणून बसवलं, याबद्दल आयोजकांचेच आधी आभार मानायला हवेत. मला विषय दिलाय 'दुरुस्तीचं शिक्षण शाळेत का हवं'. त्यावर येतोच. पण आधी मला एका चाकाबद्दल सांगू द्या.

1987 चा जून. 30 मे रोजी गोवा घटकराज्य झालं आणि चार दिवसांनी आमची शाळा उघडली. मी नववीत, सर शाळेत नवीन रुजू झालेले. मी मार्दोळहून फोंड्याला सायकलने यायचो. कॅरिअरवर कधी धाकटी बहीण, तर बाजारच्या दिवशी नारळांचं पोतं. फर्मागुडीचा उतार तुम्हा सगळ्यांच्या पायाखालचा आहे. त्या उतारावर माझ्या मागच्या चाकाचा आरा तुटायचा. एकदा नव्हे, दर पंधरा दिवसांनी. वाटेवरच्या दुकानात नवा आरा घालून घ्यायचो, चाक फिरवून बघायचो, पैसे द्यायचो. पंधरा दिवसांनी पुन्हा 'टण्ण'!

शेवटी सायकल ढकलत सरांकडे नेली. त्यांनी पान्याला हात लावला नाही. तुटलेला आरा माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "खंय मोडला?" मी बघितलं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकातून बाहेर येताना आरा जिथं वाकतो, त्या मानेपाशीच तुटला होता. आधीचे दोन तुटके आरे मी जपून ठेवले होते. तेही तिथेच तुटलेले. मग सर म्हणाले, "पयलीं आयक." आणि त्यांनी चाकाच्या एकेका आऱ्यावर नखाने टिचकी मारायला सुरुवात केली. टिंग, टिंग, टिंग, थड. टिंग, थड, थड.

त्या 'थड' आवाजात सगळं दुखणं होतं. आपल्याला वाटतं, आरा ताणल्याने तुटतो. उलट आहे. सैल आरा तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो ढिला पडतो आणि पुन्हा ताठ होतो, मानेपाशी वाकतो, सरळ होतो. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो ना आपण, तसंच. दुकानात एक आरा बदलून मिळायचा, पण उरलेले ढिलेच राहायचे.

चाक पूर्ण खोललं. मागच्या चाकाला 40 आरे, पुढच्याला 32. ते चाक पुन्हा बांधायला मला तीन आठवडे लागले. रोज शाळा सुटल्यावर तासभर. आऊट काढायला, म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवायला, सरांकडे काय होतं, तर वर्गातला खडू! सायकल उलटी ठेवायची, चाक धरणाऱ्या चिमट्याला हात टेकवून रिमच्या कडेशी खडू धरायचा आणि चाक फिरवायचं. जिथं रिम बाहेर आलीय तिथे खडूची रेघ उमटते. त्या बाजूचा निपल, म्हणजे आऱ्याच्या टोकाची चाकी, पाव आटा सैल, समोरच्या बाजूचा पाव आटा घट्ट. मी एकदा घाईने पूर्ण आटा फिरवला तर चाक दुसऱ्याच ठिकाणी लहरायला लागलं. सर रागावले नाहीत. रेघ पुसली आणि खडू पुन्हा माझ्या हातात दिला.

सर भजनात तबला वाजवतात हे तुम्हाला ठाऊक आहे. हातोडीने गजरा, म्हणजे कडेची चामड्याची वेणी, ठोकून तबला सुरात आणतात, तसेच ते आरे लावत. फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेनच्या, बाजूचे आरे जरा चढे लागतात, कारण त्या बाजूला ताण जास्त असतो. पण एका बाजूचे सगळे आरे आपसात एका सुरात हवेत. गायिका केसरबाई केरकरांचं केरी आमच्याच तालुक्यातलं. 1977 साली व्हॉयेजर यानांतून ज्यांचा आवाज अंतराळात गेला त्या बाईंच्या तालुक्यात सायकलचं चाक कानाने लावलं जावं, याचा मला अभिमान वाटतो.

आणि पोदेर, म्हणजे आमचे पाववाले! पहाटे भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराच्या टोपलीखालचं कॅरिअर आणि चाक किती वजन पेलतं बघा. आमच्या भागातले कितीतरी पोदेर सरांकडे यायचे. सर चाकाचे पैसे घेत नसत, मग पोदेर बळेबळे पोळ्यांची, म्हणजे त्यांच्या गोल पावांची, पिशवी ठेवून जात. ती पिशवी मग आम्हा पोरांची.

आता माझ्या मनातली एक जुनी सल बोलतो. पुढे एका ठिकाणी प्रवेशासाठी गेलो तेव्हा अर्जात मी 'सायकल दुरुस्ती, दोन वर्षे' असं लिहिलं होतं. टेबलापलीकडच्या माणसाने ती ओळ तांबड्या पेनाने खोडली. म्हणाला, "हे शिक्षणात धरत नाहीत." मला अजून ती तांबडी रेघ दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षक होते. 1888 साली त्यांनी बेळगावात, म्हणजे घाट चढलं की पलीकडे, सायकलचं दुकान काढलं. पुढचे लोखंडी नांगर, 1910 ची किर्लोस्करवाडी, सगळ्याची सुरुवात त्या दुकानातली. तेही शिक्षणात धरत नाहीत का?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय.

1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवा असं म्हटलंय. चांगलं आहे. पण दहा दिवसांत मला आऱ्यांच्या विणीचा क्रमसुद्धा पाठ झाला नव्हता. मुलाला एक वस्तू पूर्ण खोलून पूर्ण जोडेपर्यंत वेळ द्या, ही माझी पहिली मागणी. दुसरी, हे शिकवायला कायम शिक्षक हवा. सरांची जागा रिकामी होतेय आणि ती भरण्याबद्दल अजून कुणी बोलत नाही. इथे बसलेल्या व्यवस्थापनाच्या मंडळींना मी हात जोडून सांगतो, ती जागा भरा. कार्यशाळेच्या खोलीला कुलूप लावू नका. तिसरी, डाव्या पॅडलचे आटे उलटे का असतात हे पुस्तकात वाचून कळतं, पण पाना चुकीच्या बाजूला फिरवून आटे खराब केलेला मुलगा ते जन्मभर विसरत नाही. असं चुकायला शाळेत जागा हवी, आणि त्यासाठी मोडक्या चार सायकली पुरतात.

शाल आणि श्रीफळ नंतर होईल. त्याआधी एक. काल रात्री मी घरी एक चाक बांधलंय, 40 आऱ्यांचं. कितीतरी वर्षांनी बांधलं. ते इथं टेबलाखाली आहे. सर, जरा वर येता? पयलीं आयकात.