डोळ्यावर आलेला उजेड

कापसाचा हंगाम. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या, वावरातून परतणाऱ्या बैलबंड्या, सायकली, पायी चालणाऱ्या बाया; सगळे एकाच अरुंद डांबरी रस्त्यावर. खांब आहेत, दिवे नाहीत. आणि समोरून गाडी येते, अप्पर लावून, म्हणजे हेडलाइटचा झोत वर ठेवून.

अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली रुंद झालेली असते. आतल्या पडद्यावरच्या जवळपास 12 कोटी दंडपेशी अंधुक उजेडही टिपत असतात. त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य झगझगीत प्रकाश पडताच विरतं. डोळा पुन्हा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तासही लागतो. मोतीबिंदू असेल तर आणखी हाल: डोळ्यातच प्रकाश विखुरतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

गाडी निघून गेली की सुटलो असं वाटतं. खरा धोका तिथूनच पुढे आहे. ताशी 60 किलोमीटर वेगानं सेकंदाला सुमारे 17 मीटर अंतर जातं. तीन सेकंद काही दिसलं नाही, तर 50 मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. तेवढ्यात बिनदिव्याची बंडी असू शकते, बंडीत माणसं असू शकतात. डिपर द्यायला, म्हणजे झोत खाली करायला, एक बोट हलवावं लागतं. ते न हलवणं ही चूक नव्हे, बेपर्वाई आहे.

जंगलातल्या जनावरांचं तर याहून अवघड. चितळाच्या, वाघाच्या डोळ्यात पडद्यामागे चकाकणारा थर असतो. तो उजेड पुन्हा पडद्यावर परतवतो, म्हणूनच रात्री त्यांचे डोळे चमकतात. हेडलाइटच्या झोतात चितळ दिपून जागीच थबकतं. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. महाराष्ट्राच्या हद्दीत त्याखालून प्राण्यांसाठी 9 वाटा ठेवल्या आहेत, सगळ्यांत मोठी 750 मीटरची. पुढे मध्य प्रदेशात गाड्यांचा उजेड आणि आवाज अडवायला रस्त्याच्या कडेनं भिंतींसारखे अडसर उभारले आहेत.

गावच्या रस्त्यावर असं काही नाही. तिथं उपयोगी पडतं ते रेडियम, म्हणजे उजेडात चमकणारी चिकटपट्टी. पडलेला उजेड ते आल्या वाटेनं परत पाठवतं, त्यामुळे डिपरवरही दुरून दिसतं. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर, बंडीच्या मागच्या बाजूला ते लावाच. आणि हंगामात त्यावर धूळ बसते, ती रस्त्यावर निघण्याआधी फडक्यानं पुसून घ्या.