शिडीचं लेखाशीर्ष

मंडळी, निवृत्त ठाणेदार वाहनचोरी रोखायच्या अनुदानावर बोलायला उभा राहिला म्हणजे पैसा पुरत नाही हेच रडगाणं गाणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण पैसा येतो. पोलीस आधुनिकीकरणाची केंद्राची योजना 1969-70 पासून चालू आहे. आपल्या राज्यात त्यातले 60 टक्के केंद्राचे, 40 राज्याचे. 2009 साली ठाणी संगणकाने जोडायला 2,000 कोटी मंजूर झाले, तेव्हा कुठे आमच्या टेबलावर संगणक आला. त्याआधी चोरीच्या गाडीचा नंबर वायरलेसवर ओरडून सांगायचो.

म्हणजे खरेदीला पैसा आहे. गोची पुढे आहे.

आमच्या चौकात कॅमेरे बसले, फीत कापली, फोटो निघाले. चारसहा महिन्यांनी बाजाराच्या दिवशी, तिन्हीसांजेला एका शेतकऱ्याची दुचाकी गेली. "सायेब, कापूस इकून घेतली होती माह्यी गाडी," एवढंच बोलून तो बाकावर बसून राहिला. कॅमेरा बरोबर त्याच जागेवर रोखलेला होता. आम्ही खुशीत फुटेज लावलं, तर पडदा पांढरा फटक. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे लाल दिवे लागतात, त्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. त्याचं जाळं त्या उजेडात चकाकतं आणि मागचं काहीच दिसत नाही. एक फडकं मारलं असतं तर भागत होतं. पण खांब वीस फूट उंच आणि ठाण्यात शिडी नाही. शिडी मागितली तर वरून विचारणा आली, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा? शेवटी वीज कंपनीच्या लाइनमनला चहा पाजून त्याची शिडी आणली. तोवर गाडी पैनगंगा ओलांडून गेली असावी. पूल ओलांडला की तेलंगणा.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने 1986 साली वाहनचोरी रोखायला कायदाच केला. विमा असलेल्या प्रत्येक मोटारीमागे वर्षाला 1 डॉलर घ्यायचा आणि त्यातून पोलिसांना, सरकारी वकिलांना वाहनचोरीसाठीच अनुदान द्यायचं. मला त्यातलं आवडलं ते हे, की तो पैसा तपास करणाऱ्या माणसांच्या पगारावरही जातो. ती माणसं हेच काम करतात. आमच्या डीबी पथकात, म्हणजे चोऱ्यांचा तपास करणाऱ्या पथकात, तीन शिपाई. गणपती आले, बंदोबस्त. निवडणूक आली, बंदोबस्त. मंत्री आले, मग तर विचारूच नका. त्यातून वेळ उरला तर चोर.

ती गाडी पुढे सापडली. चेसिस नंबर घासलेला होता, इंजिनाच्या नंबरावरून पटली. पण सापडली म्हणजे मिळाली असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच, सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलंय की वाहनं ठाण्याच्या आवारात सडवू नका. फोटो, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि मालकाला द्या. तरी त्या गड्याला कोर्टाच्या पाच चकरा पडल्या. पऱ्हाटीच्या वेचणीचे दिवस होते, एकेका चकरेला मजुरी बुडत होती. गाडी हातात आली तेव्हा सीट उंदरांनी पोखरलेली. त्याने आधी टाकीवरची धूळ उपरण्याने पुसली, मग सही केली.

येत्या ग्रामसभेत तुमच्याही गावात कॅमेरे बसवायचा ठराव आहे, असं सरपंचताई आत्ताच म्हणाल्या. बसवा. फक्त ताई, ठरावात खाली आणखी दोन ओळी घाला: वीजबिल कोण भरणार, आणि शिडी कोणाच्या घरी राहणार.