किनाऱ्याने लांबची सायकल राईड: आधी वारा बघा, किलोमीटर नंतर

बहुतेक जण प्लॅनिंगला बसतात ते दोन शहरांमधलं अंतर बघून. पाचशे किलोमीटर आहे ना, मग रोजचे शंभर, पाच दिवस, झालं. सपाट हायवेवर हा हिशोब जमून जातो, पण समुद्राच्या कडेने जायचं असेल तर नाही जमत, आणि मला आज मुख्य तेच सांगायचंय. किनाऱ्यावर तुमचा दिवस ठरवतात वारा, भरती-ओहोटी आणि फेरीबोटीची वेळ. ते तिन्ही कागदावर आले की मगच आजचे किती किलोमीटर ते लिहा.

वाऱ्यापासून सुरू करू. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात, साधारण सकाळ सरता सरता सुटतात, दुपारी पूर्ण जोरात असतात आणि सूर्य कलला की पडतात. म्हणजे भल्या पहाटे निघणारा आणि नाश्ता करून आरामात दहाला निघणारा, हे दोघं एकाच रस्त्यावर दोन वेगळ्या राईड करत असतात. एक साधा हिशोब करा, तुम्ही ताशी २० किलोमीटरच्या स्पीडने चाललाय आणि समोरून १५ चा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा झाली ३५ ची. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो त्यामुळे तो जवळजवळ तिप्पट होतो, आणि १५ चा वारा काही वादळ नाही हो, किनाऱ्यावरची रोजची दुपार आहे ती.

आता खारे वारे समुद्राकडून येतात म्हणजे ते आपल्याला बाजूने लागणार, मग दिशेने काय फरक पडतो? पडतो, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे हा वारा दिवसभरात हळूहळू वळतो, उत्तर गोलार्धात उजवीकडे. पश्चिम किनारा असेल तर पश्चिमेचा वारा दुपारनंतर वायव्येचा होत जातो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याला पाठीवर मिळतो. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर उन्हाळ्यात मुळातच वायव्येचा वारा जास्त असतो, म्हणून तिथले सायकलवाले उत्तरेच्या सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेच्या लॉस एंजेलिसला जातात, उलटं सहसा नाही. शिवाय तिथे रस्त्याच्या उजवीकडून चालवतात त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो, फोटोला थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. डावीकडून चालवायच्या देशात पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला निघालात तर समुद्र पलीकडे जाईल. तेव्हा मी तरी वारा निवडेन, समुद्र पलीकडून पण दिसतो.

बाजूच्या वाऱ्याबद्दल एक गोष्ट मात्र नीट ऐका. पॅनियर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सामानाच्या पिशव्या, लावलेली सायकल वाऱ्यात शिडासारखी वागते. समुद्राच्या बाजूने मोठा ट्रक आला की क्षणभर वारा अडतो, आपण वाऱ्यावर रेललेले असतो ते एकदम ट्रकच्या दिशेने ओढले जातो, ट्रक गेला की पुन्हा धक्का. उंच पुलांवर हे सगळ्यात जास्त जाणवतं. हॅण्डल सैल पण दोन्ही हातात, सामान खाली आणि दोन्हीकडे सारखं, आणि फारच झोंबत असेल तर उतरून ढकलत पूल पार करायला काही हरकत नाही.

आता नकाशा. समोरचं गाव दोन किलोमीटरवर दिसतं पण मध्ये खाडी असते आणि पुलावरून जायचं तर पन्नास किलोमीटरचा वळसा. म्हणून आधी सगळ्या खाड्यांवर खुणा करा, कुठे पूल, कुठे फेरी, शेवटची फेरी किती वाजता, सायकल घेतात का, हे फोन करूनच विचारा. काही धक्क्यांवर ओहोटीला बोट लागतच नाही. आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे पहिल्या दिवशी दहाला असलेली भरती चौथ्या दिवशी साडेबाराच्या आसपास जाते, त्यामुळे प्रत्येक खाडीला तिच्या त्या दिवसाची वेळ लिहा.

चढ लोकांना फसवतात कारण नकाशावर किनारा शून्य उंचीचा वाटतो. प्रत्यक्षात गावातून डोंगराच्या सोंडेवर चढायचं, पलीकडे खाडीत उतरायचं, पुन्हा चढायचं. ८० मीटरचे असे दहा चढ म्हणजे दिवसाचे ८०० मीटर झाले की. जीपीएक्स फाईलमध्ये (म्हणजे जीपीएसला द्यायच्या रूटच्या फाईलमध्ये) सगळ्यात उंच ठिकाण बघू नका, एकूण चढ बघा. सामान असेल तर पुढची सगळ्यात लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा लहान हवी, पुढे ३० दात तर मागे ३४ असं काहीतरी, गुडघे वाचतात.

मिठाबद्दल फार कमी बोललं जातं. खारी हवा चेनवर रात्रीत गंज आणते, ओल्या वाळूवर सायकल घातली तर बेअरिंगपर्यंत पोचते. रोज मुक्कामाला पोचलं की आंघोळीच्या आधी सायकल गोड्या पाण्याने पुसा, प्रेशरने पाणी मारू नका, चेन कोरडी करून थेंब थेंब ल्यूब (चेनचं तेल) लावा आणि वरचं जास्तीचं फडक्याने काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे. शरीराचंही तसंच, दमट हवेत घाम सुकत नाही म्हणून अंग थंड होत नाही आणि मीठ जात राहतं, नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम खाली जातं. बाटलीत इलेक्ट्रोलाइट, म्हणजे पाण्यात मिसळायचे क्षार, हवेतच.

रस्ता बंद असेल हेही धरून चाला. कॅलिफोर्नियात बिग सरला मे २०१७ मध्ये दरड कोसळली तेव्हा हायवे १ चा, म्हणजे तिथल्या किनाऱ्याच्या रस्त्याचा, तो तुकडा उघडायला जुलै २०१८ उजाडला. आतल्या बाजूचा दुसरा रस्ता कुठला, तो लांबचा असेल तर दिवस कुठून आणणार, हे घरी बसूनच ठरवा, एक दिवस मोकळा ठेवा.

आणि शेवटचा दिवस लहान ठेवा प्लीज. सगळे नेमके त्याच दिवशी जास्त अंतर टाकतात, मग दमलेले असताना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मोठ्या शहरात शिरतात. आदल्या रात्री शहराच्या तीस-चाळीस किलोमीटर अलीकडे मुक्काम करा, उजाडताना निघा, रस्ते भरायच्या आत आत पोचाल.