मूठभर बदामांतली जोखीम

नमस्कार श्रोतेहो.

रविवार पेठेतल्या सुक्यामेव्याच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. गिऱ्हाईक समोरच्या ढिगात हात घालतं, एक बदाम उचलतं, कुडुम करून चावतं आणि मग भाव विचारतं. तो बदाम कुणी धूत नाही, पुसतही नाही. हेच गिऱ्हाईक घरी गेल्यावर कोथिंबीर तीन पाण्यांतून काढतं. सुक्यामेव्यावरचा हा भरवसा कितपत खरा आहे, याबद्दल आज बोलायचं आहे. मी अन्नातले सूक्ष्मजीव हा विषय शिकवते, त्यामुळे मला घाबरवायला आवडत असेल असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. बदाम मी रोज खाते.

ओलं नासतं आणि सुकं टिकतं, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे आणि ते बरोबरही आहे. जिवाणूला वाढायला मोकळं पाणी लागतं. बदाम, काजू, अक्रोड, शेंगदाणे यांत ते इतकं कमी असतं की जिवाणू एकाचे दोन होऊच शकत नाहीत. पण वाढत नाही म्हणजे मेला, असं आपण मनाशी धरतो आणि तिथंच चुकतं. ताप-जुलाब आणणारा साल्मोनेला नावाचा जिवाणू कोरड्या बदामावर महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्त तग धरतो. साध्या खोलीच्या तापमानाला त्याची संख्या महिन्याला निम्म्याच्या आसपास घटत जाते. फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये तर जवळजवळ घटतच नाही. बदाम खवट होऊ नयेत म्हणून आपण ते फ्रीजमध्ये ठेवतो ते योग्यच आहे, फक्त त्या थंडाव्यात बदामाबरोबर जिवाणूही टिकतो.

शिवाय दाण्यातलं तेल त्याच्या मदतीला येतं. पोटातल्या आम्लात एरवी बरेच जिवाणू मरतात, पण स्निग्ध पदार्थाच्या आवरणात ते त्यातून सहीसलामत पुढं सरकतात. म्हणून सुक्यामेव्याच्या बाबतीत अगदी थोड्या जिवाणूंनीही आजार झाल्याची उदाहरणं आहेत.

ते तिथं येतात कुठून? मातीतून, पक्ष्यांच्या विष्ठेतून, उंदरांकडून, माणसाच्या हातून. भुईमुगाची शेंग तर जमिनीतच वाढते. कॅलिफोर्नियातल्या बागांत बदामाचं झाड यंत्रानं गदागदा हलवतात, बदाम खाली पडतात आणि काही दिवस तिथंच जमिनीवर वाळतात. सन २००० आणि २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत मिळून १६८ जणांना कच्च्या बदामांतून साल्मोनेलाची बाधा झाली. बहुतेक रुग्ण कॅनडातले होते. माग काढत काढत तपास कॅलिफोर्नियातल्या बागांपर्यंत पोचला आणि तिथल्या मातीत तोच जिवाणू पुढं काही वर्षं सापडत राहिला. त्यानंतर २००३-०४ मध्ये पुन्हा तसंच घडलं. शेवटी सप्टेंबर २००७ पासून कॅलिफोर्नियाच्या बदामांवर जिवाणू मारण्याची प्रक्रिया सक्तीची झाली.

आता यातली एक बारीक गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. ही सक्ती अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको इथं विकल्या जाणाऱ्या बदामांना आहे. इतर देशांत जाणाऱ्या मालाला नाही. भारत कॅलिफोर्नियाच्या बदामाचा फार मोठा गिऱ्हाईक आहे, आणि आपल्याकडे येणारा बराचसा माल कवचासकट येतो आणि इथं फोडला जातो. म्हणजे दुकानात ‘अमेरिकन बदाम’ म्हणून जो मिळतो, तो तिकडच्या माणसाला मिळतो तसाच प्रक्रिया केलेला असेल, असं गृहीत धरता येत नाही.

मग जोखीम किती? इथं थोडा हिशोब करू या. कॅलिफोर्नियात २००१ ते २००५ या काळात कच्च्या बदामांचे नऊ हजारांहून जास्त नमुने तपासले गेले. प्रत्येक नमुना १०० ग्रॅमचा. शंभर नमुन्यांत एकापेक्षाही किंचित कमी नमुन्यांत साल्मोनेला निघाला. आणि जिथं निघाला, तिथंही १०० ग्रॅमला एक ते तीन जिवाणू, एवढाच. दहा बदामांचं वजन साधारण १२ ग्रॅम. म्हणजे हजार जणांनी दहा-दहा बदाम खाल्ले, तर त्यांतल्या एखाद्याच्या वाट्याला एखादा जिवाणू येईल. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी मिळून २००२ मध्ये साल्मोनेलाचं गणित मांडलं होतं. त्यानुसार एक जिवाणू पोटात गेल्यावर आजारी पडण्याची शक्यता चारशेत एक धरता येते. हजार गुणिले चारशे, चार लाख. दहा बदाम खाल्ल्यानं पोट बिघडण्याची शक्यता, अगदी ढोबळमानानं, चार लाखांत एक. दुकानातल्या त्या एका चवीच्या बदामाबद्दल तर बोलायलाच नको.

पण पुण्यासारख्या शहरात समजा एक लाख माणसं रोज दहा बदाम खातात, आणि त्यांचे बदाम त्या नमुन्यांसारखेच आहेत. तर त्याच हिशोबानं वर्षाला नव्वदेक माणसं आजारी पडतील. ती नव्वद माणसं शहरभर विखुरलेली असतील, प्रत्येक घरात एक. बदामावर संशय कुणीच घेणार नाही. आदल्या दिवशीच्या पाणीपुरीला नाहीतर लग्नातल्या जेवणाला दोष देऊन सगळे मोकळे होतील. तुमच्या एकट्याच्या दृष्टीनं जोखीम नगण्य आणि शहराच्या दृष्टीनं दखल घेण्याजोगी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कॅनडातला तो उद्रेक लक्षात आला त्याचं एक कारण म्हणजे साल्मोनेलाचा तो विशिष्ट प्रकार एरवी फारसा दिसत नसे. आपल्याकडे जुलाब झाले की शौचाची तपासणी किती जण करतात?

‘भाजलं की सगळं मरतं’ हे वाक्य मला नेहमी ऐकायला मिळतं. बऱ्याच अंशी ते खरं आहे, पण कोरडी उष्णता आणि ओली उष्णता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुधात, वरणात ७०-७५ अंशांच्या पुढं साल्मोनेला काही क्षणांत मरतो. तोच शेंगदाण्याच्या बटरमध्ये असला, तर ९० अंशांवर ५० मिनिटं ठेवूनही हजार-दीड हजारांत एखादा जिवंत राहतो, असं प्रयोगात दिसलं आहे. कोरडेपणा आणि तेल हेच त्याचं चिलखत. म्हणून बारीक आचेवर नुसते कोमट केलेले दाणे वेगळे आणि साल काळपट होऊन तडतडेपर्यंत भाजलेले दाणे वेगळे. रस्त्यावर गरम वाळूत शेंगा परतणाऱ्या माणसाच्या भट्टीची मला काळजी वाटत नाही, तिथं उष्णता भरपूर असते. पुडी बांधणारे हात मात्र मी बघते.

कारण खरी मेख भाजल्यानंतर आहे. अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचं प्रकरण याच कारणानं गाजलं. २००८-०९ मध्ये तिथल्या शेंगदाण्याच्या बटर-पेस्टमधून ७१४ जणांना साल्मोनेलाची बाधा झाल्याची नोंद झाली, नऊ जण दगावले. दाणे भाजले जात होतेच. पण कारखान्याचं छत गळत होतं, उंदीर होते, कच्चा आणि भाजलेला माल नीट वेगळा ठेवला जात नव्हता. त्यातही संतापजनक भाग असा, की तपासणीत साल्मोनेला निघालेला माल जाणूनबुजून विकला गेला. कंपनीच्या मालकाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. अन्नविषबाधेच्या गुन्ह्यासाठी एवढी शिक्षा क्वचितच झाली असेल, आणि माझ्या मते ती योग्यच होती.

आता हेच आपल्या ओट्यावर बघा. एकादशीच्या आदल्या दिवशी दाण्याचं कूट करायला घेतलं. कच्चे दाणे सुपात निवडले, खडे काढले. कढईत खरपूस भाजले. गार झाल्यावर हातानं चोळून फोलपटं सुटी केली आणि पाखडायला पुन्हा त्याच सुपात ओतले, जिथं कच्च्या दाण्यांची माती अजून बसलेली आहे. भाजून जे कमावलं, त्यातलं थोडं तिथं गमावलं. सूप झटकून कोरड्या फडक्यानं पुसलं, किंवा पाखडायला दुसरं ताट घेतलं, तरी पुरे. ओलं फडकं मात्र नको. मिक्सरचं भांडं धुऊन ओलसरच असताना त्यात कूट फिरवायचं आणि बरणीत आठवडाभर ठेवायचं, हे तर मुळीच नको. पाणी आलं की हिशोब बदलतो.

पाण्यानं हिशोब किती बदलतो याचं एक विलक्षण उदाहरण १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये घडलं. हेझलनट नावाचा सुकामेवा घातलेलं गोड दही खाऊन २७ जणांना बॉट्युलिझम झाला, म्हणजे जिवाणूच्या विषानं मज्जातंतूंवर परिणाम होणारा गंभीर आजार. एकाचा मृत्यू झाला. हेझलनटचा गर डबाबंद करणाऱ्यांनी साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरली होती. साखर पाणी बांधून ठेवते. ती काढल्यावर पाणी मोकळं झालं, आणि उष्णतेची प्रक्रिया अपुरी असल्यामुळं वाचलेले बीजाणू, म्हणजे त्या जिवाणूची उष्णतेतही तग धरणारी झोपलेली रूपं, त्यात फुलले. आपल्या मुरांब्यात, चिक्कीत साखर-गूळ हे काम गुपचूप करत असतात. साखर कमी करून घरी नवे प्रकार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

रोजच्या आयुष्यात सुक्यामेव्याला पाणी लागतं ते रात्री बदाम भिजत घालताना. एप्रिलमधली पुण्याची रात्र घ्या, स्वयंपाकघरात तीस अंशांच्या आसपास तापमान. वाटीभर पाण्यात बदाम. त्यांत एखादा जिवाणू असलाच तर सुरुवातीचे काही तास तो सावरण्यात घालवतो, मग अर्ध्या-पाऊण तासाला दुप्पट होऊ लागतो. सकाळपर्यंत एकाचे काहीशे होऊ शकतात. मघाशी चार लाखांत एक म्हटलं, ते कोरड्या बदामांचं. भिजवलेल्याचं गणित वेगळं आहे. उपाय अगदी सोपा: वाटी फ्रीजमध्ये ठेवा, तिथं साल्मोनेला वाढत नाही. सकाळी ते पाणी ओतून टाका, पिऊ नका. ‘त्यातच सगळी सत्त्वं उतरतात’ असं सांगणारे बरेच भेटतील. किंवा भिजवण्याच्या भानगडीत न पडता बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा. साल सुटतं आणि जिवाणू असलेच तर लाखात एखादाच उरतो. हे बदाम त्याच दिवशी संपवा. काजूची वाटलेली पेस्ट, घरी केलेलं बदामाचं दूध, हल्ली काजू आंबवून करतात ते चीज, या सगळ्यांना हाच नियम. काजूच्या चीजमधून अमेरिकेत साल्मोनेलाचे उद्रेक झालेलेही आहेत. आपल्या काजूच्या बिया फोडायच्या आधी वाफवलेल्या किंवा भाजलेल्या असतात, वेंगुर्ल्याच्या असोत की चंदगडच्या. पण साल काढणं आणि निवडणं त्यानंतर होतं, बऱ्याच ठिकाणी हातानंच.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण आढळल्यापासून पुणेकरांना तो आजार मागे लावू शकणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूचं नाव पाठ झालं आहे. काहींनी त्या काळात सुकामेवाही बंद केला होता. कॅम्पिलोबॅक्टरला कोरडेपणा अजिबात सोसत नाही. पाणी, दूध, कच्चं चिकन हे त्याचे रस्ते, बदाम नव्हे. प्रत्येक जिवाणूची खोड वेगळी असते.

आणि खवट वास, बुरशी, अळी? बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष हा गंभीर विषय आहे, पण तो जिवाणूंचा नाही आणि ते भाजूनही पुरतं जात नाही. बुरसटलेले, सुरकुतलेले, काळे पडलेले दाणे निवडून फेकून द्या, एवढं आज पुरे. उलट साल्मोनेला असलेला बदाम दिसायला, वासाला, चवीला अगदी छान असतो.

ज्यांना जास्त जपायला हवं, त्यांत लहान मुलं, सत्तरीच्या पुढचे, गरोदर बायका, केमोथेरपी किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणारे, हे येतात. त्यांच्यासाठी भाजलेलं किंवा उकळत्या पाण्यातून काढलेलंच द्या. जुलाबाबरोबर ताप, पोटात मुरडा असेल तर क्षारसंजीवनी सुरू करा. शौचातून रक्त पडलं, विशेषतः लहान मुलाच्या, तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनानं न देता तडक डॉक्टरकडे जा. २०११ मध्ये हेझलनट आणि अक्रोडांतून ई. कोलाय या जिवाणूचा असा रक्ताचे जुलाब करणारा प्रकार पसरला होता, आणि तो मुलांच्या मूत्रपिंडावर घाला घालू शकतो.

एका श्रोत्यांनी कोजागरीच्या मसाला दुधाबद्दल विचारलं होतं. दूध आटवून खाली उतरवायचं, चंद्र दाखवायला गच्चीवर न्यायचं आणि वरून बदाम-पिस्त्याचे काप भुरभुरायचे, अशी बहुतेक घरांतली रीत. काप शेवटच्या उकळीच्या आधी दुधात पडले आणि दोन मिनिटं उकळले, तर प्रश्नच मिटला. वरून दिसायला हवेतच असतील, तर त्यांतले मूठभर आधी तव्यावर चांगले परतून बाजूला ठेवा. आणि दूध गच्चीवर दोन-तीन तास कोमट राहिलं, तर उरलेलं पुन्हा खळखळून उकळल्याशिवाय फ्रीजमध्ये ठेवू नका. नमस्कार.