पांढरा बर्फ, काळा कातळ आणि फसणारा मीटर

श्रोतेहो, नमस्कार. जानेवारी-फेब्रुवारीत लडाखमधली झांस्कर नदी गोठते आणि ‘चादर’, म्हणजे त्या गोठलेल्या पात्रावरची वाट, चालायला महाराष्ट्रातूनही ट्रेकर मंडळी निघतात. परतल्यावर फोटो बघावेत, तर लखलखीत बर्फ राखेसारखा करडा! वेरूळच्या कैलासाचं नेमकं उलटं. तिथला काळा कातळ धुरकट, फिका येतो. दुखणं एकच. कॅमेऱ्याच्या मीटरला काळं-पांढरं कळत नाही. समोर येईल ते मध्यम करडं धरून तो उजेड मोजतो.

तेव्हा फोटोतला उजेड कमी-जास्त करणारं अधिक-उणे खुणेचं बटण शोधा. त्याचं माप म्हणजे स्टॉप: एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट, उतरवला की निम्मा. उन्हातल्या बर्फानं चौकट भरली असेल, तर दीड ते दोन स्टॉप वाढवा. निम्म्या चौकटीत डोंगराचा कडा असेल, तर एक पुरे. हिस्टोग्रामचा, म्हणजे पडद्यावरच्या काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणाऱ्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजव्या कडेजवळ यावा, पण कडेला चिकटू नये. नितळ निळ्या बर्फाला मात्र अर्ध्या स्टॉपहून जास्त देऊ नका, निळाई धुऊन जाते. त्यात अडकलेले बुडबुडे, तडे हवे असतील, तर पोलरायझर, म्हणजे चकाकी अडवणारा फिरता फिल्टर, भिंगावर लावा आणि बर्फाशी ३५ ते ४० अंशांचा कोन साधून तो सावकाश फिरवा. वरची चकाकी विरते. दीड-दोन स्टॉप उजेड तो खातो, ते धरून चाला.

झांस्करच्या घळीत ऊन थोडाच वेळ उतरतं. सावलीतल्या बर्फावर आकाशाचा उजेड पडतो, म्हणून तो निळा दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणारी सोय, बदलून ती निळाई पार पुसू नका. फोटोतली थंडीच निघून जाईल.

उणे वीस अंशांत बॅटरी भराभर उतरते. जादाच्या दोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. मेलेली वाटणारी बॅटरीसुद्धा ऊब मिळाली की थोडी चालते. खरं नुकसान होतं ते तंबूत शिरताना. स्टोव्हच्या दमट हवेतली वाफ थंडगार काचेवर, बटणांच्या फटींत दव होऊन बसते. त्यामुळे बाहेर असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि आत आल्यावर दोन तास पिशवी उघडू नका. मेमरी कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे हात शिवशिवणार नाहीत!

आता वेरूळ. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी कळसाकडून पायाकडे कोरत आणलेलं हे लेणं, क्रमांक १६, पश्चिमाभिमुख आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत आणि मागे आकाश पांढरंफटक, म्हणून दुपारी तीननंतर जा. तिरप्या उन्हात छिन्नीचे घावसुद्धा उठून दिसतात. इथे बटण उलटं फिरवायचं, उणे दोन-तृतीयांश ते एक. चौकटीत आकाश आलं, तर मीटर आधीच काळोख करतो, मग काही कमी करू नका. अंगणातला ध्वजस्तंभ टिपायला कॅमेरा वर उचललात, की तो मागे कललेला दिसतो. त्यापेक्षा कॅमेरा सपाट धरा, २४ मिलिमीटरच्या भिंगानं रुंद घ्या आणि खालची जादा फरशी नंतर कापा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं.