आयर्विनची पातळी आणि एक बिनरंगी गाव

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा लागला की सांगलीकराला चहाच्या आधी एकच प्रश्न पडतो: आयर्विनला, म्हणजे आमच्या कृष्णेवरच्या पुलाला, पाणी किती? ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. इथल्या पोरांना हे आकडे पाढ्यांच्या आधी पाठ असतात.

आज बोलायचंय मात्र एका पुस्तकाबद्दल. पाणी मधेच शिरलं तर सांभाळून घ्या.

लोइस लोरी या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' ही १९९३ सालची कुमार कादंबरी. रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर सातवी-आठवीची मुलं जमतात, त्यांना मी ती जमेल तशी मराठीत सांगितली. त्या गोष्टीतल्या गावात कुणी उपाशी नाही, भांडणतंटा नाही, ऊनपाऊससुद्धा हुकमात. घरटी एक मुलगा, एक मुलगी. नऊ वर्षांचं झालं की सायकल, आणि बाराव्या वर्षी वडीलधाऱ्यांचं मंडळ सांगणार, तू कोण व्हायचंस ते. "म्हणजे नीटची कटकटच नाही!" एकानं सुस्कारा टाकला. त्याला कुठल्या तोंडानं रागवायचं?

मग जोनास नावाचा मुलगा मित्राबरोबर सफरचंद झेलत असतो आणि हवेतल्या हवेत ते फळ क्षणभर बदलतं. काय बदललं, त्याला सांगता येत नाही. बऱ्याच पानांनंतर कळतं, त्याला लाल रंग दिसला होता. त्या गावात रंगच उरलेले नाहीत.

हे झालं आणि मी मुलांना घेऊन मार्केट यार्डात गेलो. हळदीचे सौदे चालू होते. हमालांच्या पापण्यांवरही पिवळी धूळ. म्हटलं, यातला पिवळा काढून टाका, काय उरेल? एक मुलगी पटकन म्हणाली, "वास."

रंगांसारख्याच गावानं जुन्या आठवणीही टाकून दिल्यात. युद्ध, भूक, बर्फावरची घसरगाडी, सगळं एकट्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. अडलं की मंडळ त्याच्याकडे जातं. एकदा त्यांना गावातल्या पोरांची संख्या वाढवायची असते. म्हातारा नको म्हणतो, कारण भूक म्हणजे काय ते त्याला एकट्यालाच आठवतंय. जोनासला त्याच्या हाताखाली ठेवतात. त्या गावात माणसाला 'मुक्त' करतात म्हणजे काय करतात, ते मी इथे फोडत नाही. पण तिथं पोचलो तेव्हा ओसरी गप्प झाली होती. शेवट काही मुलांना आवडला नाही. जोनासचं पुढं नक्की काय झालं, हे लेखिकाबाईंनी सांगायला हवं होतं म्हणे. मला तो तसाच बरा वाटतो.

आता पाणी शिरतंय बघा. आमच्या गल्लीत एका भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ च्या पुराची, वरची २०१९ ची. २०१९ ला खालच्या रेघेवर विसंबून बऱ्याच जणांनी सामान नुसतं माळ्यावर टाकलं होतं. पाणी माळ्यावर गेलं.

दिवाळीच्या तोंडावर घरमालकानं रंगारी लावला. वरच्या रेघेपाशी ब्रश पोचला तशा समोरच्या आजी खिडकीतून ओरडल्या, "ए बाबा, तेवढी सोड."

"आजी, घाण दिसंल की."

"दिसू दे."