तंबोऱ्यातला न लावलेला गांधार

(फक्त खर्जाची तार. एकदा. पुन्हा एकदा.)

इयरफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरला हा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, पेलत नाही.

काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, लावलेला तंबोरा. चार तारा: पंचम, जोडाच्या दोन (मधला सा), शेवटी खर्ज. गांधाराची तार नाही. तरी खर्ज छेडला की विरता विरता वर कुठेतरी गांधार बोलतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. पहिल्यांदा तो सापडतच नाही. एकदा सापडला की मग कान तिथून हलत नाही.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला शोधू. कुठला सूर किती जोरात ते दाखवणारा आलेख अजून उघडायचा नाही. शिखर डोळ्यांना दिसलं की कान लगेच ‘हो हो, ऐकलं’ म्हणून मोकळा होतो. इक्वलायझरमध्ये एक अरुंद उंचवटा करायचा, म्हणजे तेवढाच पट्टा मोठा ऐकू येईल, आणि खालून वर सरकवत न्यायचा.

(तार चालू. उंचवटा हळूहळू वर.)

७० हर्ट्झच्या आसपास नुसतं घुमणं. १३९ला सा. २०८ला पंचम. २७७ला पुन्हा सा. आणि... थांबा. ३४६. हाच तो.

खर्ज ६९.३ हर्ट्झचा, त्याची पाचपट ३४६.५. तार सबंध थरथरते, तशी अर्ध्यात, तिसऱ्या, पाचव्या हिश्शातही थरथरते, आणि प्रत्येक हिस्सा आपला वरचा उपस्वर देतो. हे कुठल्याही तारेचं झालं. तंबोऱ्याची करामत घोडीत, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीत, आहे: रुंद, किंचित बाकदार, आणि तिच्यावर तारेखाली सुताचा दोरा. दोरा केसभर सरकवला की गांधार उजळतो, नाहीतर बुजतो. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा हा झणकार, काढतात, ती कानानंच. साध्या तारेला जिथे छेडावं, तिथे ज्या उपस्वराचा न हलणारा बिंदू येतो तो उपस्वर गप्प बसतो. तंबोऱ्यात तोही बोलतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली मांडलं.

आता हार्मोनियमचा गांधार, ३४९.२. दोन्ही एकदम वाजवतो.

(दोन सूर एकत्र.)

सूर हिंदकळतोय ना? सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. तंबोऱ्याबरोबर पेटी का खुपते, ते इथे मोजता येतं.

आता आलेख. ‘ॲनलाइझ’, मग ‘प्लॉट स्पेक्ट्रम’. इथे मी एकदा सपशेल फसलो होतो. आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची. तिची सातपट ३५०. गांधाराच्या अगदी शेजारी! साइझ (एका वेळी मोजायचे नमुने) ४०९६ ठेवला तर आलेखातलं एकेक घर जवळजवळ ११ हर्ट्झचं, त्यामुळे दोघांचं मिळून एकच शिखर दिसलं. मी ॲडाप्टरच्या गुणगुणीसकट त्याला गांधार म्हणून मोकळा. साइझ ६५५३६ केल्यावर दोन शिखरं सुटी झाली. खरं तर कानालाही कळायला हवं होतं: तार विरते, गुणगुण विरत नाही.

शेवटी नॉच फिल्टर, एकच अरुंद पट्टा कापणारा. ३४६.५ कापला.

(तार.)

गांधार गेला? नीट ऐका. ६९३ला, एक सप्तक वर, अजून आहे.

(तार. पूर्ण विरेपर्यंत.)